सिल्मरिलियन: मागच्या दारानं आत कसं शिरायचं

जे. आर. आर. टोल्किन यांचं 'द सिल्मरिलियन' वाचायला घेतोय असं कुणी म्हणालं, की मी आधी एकच विनंती करतो: पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. मी केली होती, दोनदा. दोन्ही वेळा देवतांच्या नावांच्या चिखलात रुतलो आणि पुस्तक कपाटात परत गेलं. तिसऱ्या वेळी मधलंच एक प्रकरण उघडलं, त्यात अडकलो, आणि मग उरलेलं सगळं त्या प्रकरणाच्या ओढीनं वाचून झालं. पुढचा क्रम त्या अनुभवातून आलेला आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एकदा वाचून झालं असेल तर उत्तम. फक्त चित्रपट पाहिले असतील तरी चालेल, थोडं जास्त शोधावं लागेल इतकंच.

आधी, हातात काय आहे ते ओळखा

ही कादंबरी नाही. टोल्किन १९७३ मध्ये वारले आणि 'सिल्मरिलियन' १९७७ मध्ये आलं. वडिलांनी मागे ठेवलेल्या हस्तलिखितांच्या ढिगातून मुलगा क्रिस्टोफर यांनी ते उभं केलं, मदतीला गाय गॅव्हरिएल के नावाचा एक तरुण होता, जो पुढे स्वतःच नावाजलेला लेखक झाला. त्या ढिगातले सर्वांत जुने कागद पहिल्या महायुद्धाच्या काळातले. १९१४ मध्ये टोल्किननी एका जुन्या इंग्रजी कवितेतल्या 'एआरेंदेल' या शब्दावर भाळून एक कविता लिहिली. १९१६ मध्ये सोमच्या लढाईतून खंदकज्वर घेऊन ते इंग्लंडला परतले आणि आजारपणातल्या सुट्टीत गोंदोलिन नावाच्या नगरीच्या पतनाची कथा लिहायला बसले. तिथून मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षं, ते हेच लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत राहिले.

म्हणून यात संवाद कमी आहेत, पात्रांच्या मनात फारसं डोकावणं नाही आणि कधी कधी एका वाक्यात दोनशे वर्षं निघून जातात. कादंबरीची सवय असलेल्या डोळ्यांना हे कोरडं वाटतं. बखर किंवा पुराण वाचतोय असं समजून बसलात की तीच भाषा पेलायला लागते. पुराण कुणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत नाही. एखादं आख्यान आधी ऐकलेलं असतं, त्याचा धागा धरून माणूस मागे-पुढे फिरतो. इथंही तेच करायचं.

पुस्तकाचे भाग पाच. 'आयनुलिंदाले' म्हणजे विश्वाच्या उत्पत्तीचं संगीत, 'वालाक्वेंता' म्हणजे देवतांची ओळख, मग 'क्वेंता सिल्मरिलियन' हा चोवीस प्रकरणांचा गाभा, त्यानंतर 'आकाल्लाबेथ' म्हणजे नूमेनोर बेटाचं बुडणं, आणि शेवटी अंगठ्यांची हकिगत, जी तुम्हाला ओळखीच्या कथेपर्यंत आणून सोडते.

पहिली पायरी: घरात आधीच असलेले धागे

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. अंगठीच्या कथेत वेदरटॉपच्या टेकडीवर आरागोर्न हॉबिटांना एक गोष्ट सांगतो, तिनूविएल नावाच्या एल्फकन्येची. रिव्हेंडेलमध्ये बिल्बो एक लांबलचक गाणं म्हणतो, एआरेंदिल नावाच्या दर्यावर्द्याचं. गालाद्रिएल फ्रोडोला जी कुपी देते तिच्यात त्याच एआरेंदिलच्या ताऱ्याचा प्रकाश आहे. गुहेतली राक्षसी कोळीण शीलॉब ही उंगोलिआंत नावाच्या त्याहून भयंकर कोळिणीची लेक. 'हॉबिट'मध्ये ट्रोलांच्या गुहेत सापडलेल्या दोन तलवारी गोंदोलिनच्या. एल्रोंड तर त्या एआरेंदिलचा सख्खा मुलगा.

हे सगळं एका कागदावर लिहून काढा. पुढे 'सिल्मरिलियन'मध्ये ही नावं येतील तेव्हा अनोळखी गावात एकदम शेजारी भेटल्यासारखं होतं. त्या आनंदावर दहा कंटाळवाणी पानं सहज निघतात.

दुसरी पायरी: एक पत्र

१९३७ मध्ये 'हॉबिट' गाजला आणि प्रकाशकांनी आणखी काही आहे का म्हणून विचारलं. टोल्किननी आपलं हे पुराण पाठवलं. प्रकाशकांना हॉबिट हवे होते. त्यातून पुढची बारा वर्षं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिण्यात गेली. ते लिहून झाल्यावर टोल्किनना दोन्ही एकत्र छापायची होती, म्हणून १९५१ च्या सुमारास त्यांनी दुसऱ्या प्रकाशनसंस्थेतल्या मिल्टन वॉल्डमन यांना पत्र लिहिलं. पत्र कसलं, सुमारे दहा हजार शब्दांचा प्रबंधच! विश्वाच्या आरंभापासून अंगठीच्या शेवटापर्यंत सगळ्या कथेचा सारांश त्यात आहे, आणि तोही लेखकाच्या बोलत्या आवाजात. 'सिल्मरिलियन'च्या १९९९ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ते सुरुवातीला छापलेलं असतं. तुमच्या प्रतीत असेल तर आधी ते वाचा.

सगळे शेवट त्यात कळतात, हे खरं. पण या पुस्तकात शेवट लपवलेलेच नसतात. अमुक राजा मरणार हे तीन प्रकरणं आधीच सांगितलेलं असतं. दुःख कसं येतं ते पाहायचं असतं, काय होतं ते नव्हे.

तिसरी पायरी: एकोणिसावं प्रकरण

आता थेट बेरेन आणि लूथिएन. हेच मागचं दार. त्याआधी एवढंच माहीत असलं तरी पुरे: फेआनोर नावाच्या एल्फ कारागिराने तीन रत्नं घडवली, त्यांना सिल्मरिल म्हणतात. मोर्गोथने ती चोरून आपल्या लोखंडी मुकुटात बसवली आणि तो उत्तरेत पाताळासारख्या किल्ल्यात जाऊन बसला. फेआनोरने आणि त्याच्या सात मुलांनी शपथ घेतली, की रत्नं ज्याच्या हाती असतील, मग तो कुणीही असो, त्याच्याशी वैर. दरम्यान थिंगोल नावाचा एल्फ राजा मंत्राच्या कुंपणानं वेढलेल्या दोरिआथच्या वनात सुखात आहे, कारण त्याची राणी मेलिआन देवतांच्या कुळातली आहे. लूथिएन ही त्या दोघांची मुलगी. बस्स.

बेरेन हा माणूस, सगळे सोबती मारले गेलेला, जीव वाचवत त्या वनात शिरतो आणि चांदण्यात नाचणारी लूथिएन त्याला दिसते. राजा म्हणतो, मोर्गोथच्या मुकुटातलं एक रत्न आण आणि मुलीला घेऊन जा. म्हणजे जा आणि मर. पुढे काय काय होतं ते मी सांगत नाही, पण काही जागांवर रेंगाळा. फिनरोड हा एल्फ राजा बेरेनच्या वडिलांना दिलेल्या शब्दाखातर आपलं राज्य सोडून निघतो आणि साउरोनशी गाण्यानं लढतो. दोघं एकमेकांवर शब्द फेकतात, शस्त्र नाही. लूथिएनला बाप झाडावरच्या घरात कोंडतो तेव्हा ती केस वाढवून त्यांचीच दोरी करते. आणि बेरेन मोकळ्या हातानं परततो तेव्हा राजाला सांगतो की सिल्मरिल या क्षणीही माझ्या हातात आहे. ते खरं असतं. फक्त हात त्याच्याजवळ नसतो.

शेवटी लूथिएन मृत्यूच्या दारात जाऊन उभी राहते तेव्हा आपल्याला सावित्री आठवणारच. पण फरक बघा. सावित्री बोलण्यात यमाला अडकवते, लूथिएन मृतांचा न्यायाधीश मांदोस याच्यापुढे फक्त गाते. आणि किंमत वेगळी पडते: नवरा परत मिळतो, पण तिचं स्वतःचं अमरपण जातं. या जगात एल्फ विश्वाला बांधलेले आहेत, जग आहे तोवर त्यांना सुटका नाही. माणसं मात्र मरून जगाबाहेर जातात, कुठं ते देवतांनाही माहीत नाही. टोल्किन मरणाला माणसाला मिळालेली देणगी म्हणतात. हे एकदा पटलं, निदान समजलं, की उरलेल्या पुस्तकाची अर्धी कुलपं उघडतात.

टोल्किनना ही कथा किती जवळची होती याचा पुरावा दगडात कोरलेला आहे. १९१७ मध्ये यॉर्कशरमधल्या रूसजवळच्या रानात त्यांची पत्नी ईडिथ पांढऱ्या फुलांत नाचली होती, तिथं या गोष्टीचं बीज पडलं. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघांच्या थडग्यावर नावांखाली लिहिलंय: लूथिएन, बेरेन.

चौथी पायरी: आता संगीत, आणि तेही मोठ्यानं

आता पहिलं पान उघडा. 'आयनुलिंदाले' छोटं आहे, एका बैठकीत होतं. ते मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. एरू इलूवातार हा एकमेव. तो आयनूर नावाच्या आत्म्यांना एक सूर देतो आणि ते गायला लागतात. त्यातला सर्वांत सामर्थ्यवान मेल्कोर, म्हणजेच पुढचा मोर्गोथ, स्वतःचा सूर घुसवतो आणि गोंगाट माजतो. एरू त्याला गप्प करत नाही. नवा सूर उभा करतो, मग आणखी एक, आणि हा तिसरा सूर मेल्कोरच्या आक्रस्ताळ्या आवाजातले स्वरच उचलून आपल्यात विणतो. त्यानंतर आयनूरांना आपण गायलेलं दिसतं: ते जग असतं.

मेल्कोरला वाळीत टाकणं सोपं होतं, तो सुराबाहेर गेला म्हणून. पण उल्मोला, पाण्याच्या देवतेला, एरू काय दाखवतो ते बघा: मेल्कोरच्या थंडीमुळे तुझ्या पाण्याचं हिम झालं, उष्णतेमुळे ढग झाले. बिघाडातूनच तुला न सुचलेलं सौंदर्य आलं. उल्मो कबूल करतो. पुढच्या सगळ्या कत्तली आणि शपथांच्या काळात हे पान विसरू नका.

'वालाक्वेंता' पाठ करू नका. चौदा वालार, सात पुरुष आणि सात स्त्रिया, आणि त्यांच्या हाताखाली मायार, ज्यांच्यातला एक म्हणजे साउरोन आणि दुसरा म्हणजे पुढचा गँडाल्फ. चौदांपैकी सुरुवातीला सहा लक्षात ठेवले तरी चालतं: मान्वे वाऱ्याचा, वार्दा ताऱ्यांची, उल्मो पाण्याचा, आऊले धातू-मातीचा, यावान्ना झाडाझुडपांची आणि मांदोस मृतांचा न्यायाधीश. बाकीच्यांसाठी पान दुमडून ठेवा.

पाचवी पायरी: पहिली नऊ प्रकरणं, सलग

ही नऊ म्हणजे एकच शोकांतिका आहे, मध्ये खंड पडू देऊ नका. आणि वाचताना दुसरं आणि नववं प्रकरण एकमेकांशेजारी ठेवा. माझ्या मते या अख्ख्या पुराणाचं वर्म तिथं आहे.

दुसऱ्या प्रकरणात आऊले उतावळा होतो. एरूची मुलं, म्हणजे एल्फ आणि माणसं, अजून जन्मायची आहेत, आणि त्याला शिकवायला कुणीतरी हवं असतं. तो गुपचूप डोंगराखाली ड्वार्फांचे सात पूर्वज घडवतो. एरू विचारतो, हे काय केलंस? आऊले शरमतो, रडतो आणि आपलीच लेकरं फोडायला हातोडा उगारतो. तेव्हा ते ड्वार्फ भीतीनं मागे सरकतात. एरू म्हणतो, ते घाबरले, म्हणजे मी त्यांना स्वतःचा जीव आधीच दिलाय. आऊले हातोडा खाली ठेवतो.

नवव्या प्रकरणात फेआनोर. जगाला उजेड देणारी दोन झाडं, रुपेरी तेल्पेरिओन आणि सोनेरी लाउरेलिन, मेल्कोर आणि उंगोलिआंत यांनी मारून टाकली आहेत. त्यांचा उजेड आता फक्त सिल्मरिलांमध्ये शिल्लक आहे. यावान्ना म्हणते, रत्नं दे, मी झाडं वाचवते. फेआनोर नाही म्हणतो. आणि त्याच वेळी बातमी येते: मेल्कोरने फेआनोरच्या बापाला मारून रत्नं केव्हाच पळवली आहेत. म्हणजे तो हो म्हणाला असता तरी द्यायला हातात काहीच नव्हतं. तरीही टोल्किन सांगतात, की तो आधी हो म्हणाला असता तर पुढे त्यानं जे केलं ते कदाचित केलं नसतं.

आऊले हातोडा उचलतो म्हणून त्याची निर्मिती जगते. फेआनोर मूठ उघडत नाही म्हणून त्याचं कूळ जळतं. मेल्कोरचं दुखणंही तेच, स्वतःचं काहीतरी हवं. आपण घडवलेलं आपल्याला सोडता येतं का, या एका प्रश्नावर हे पुराण उभं आहे. एकदा तो कानात बसला की पुढे प्रत्येक राजा, प्रत्येक नगर, अगदी ती अंगठीसुद्धा त्याच सुरात वाजते.

मध्येच: नावांची भानगड

लोक पुस्तक सोडतात ते नावांमुळे, तेव्हा इथं थोडं थांबू.

देवनागरी हे आपलं मोठं हत्यार आहे. टोल्किनच्या एल्फ भाषांत अक्षराचा उच्चार ठरलेला असतो, आपल्या लिपीसारखाच, इंग्रजीसारखा लहरी नाही. रोमन 'सी' नेहमी 'क', म्हणून केलेबोर्न, सेलेबोर्न नव्हे. 'जी' नेहमी 'ग'. स्वरावर तिरकी रेघ असेल तर दीर्घ: तूरिन, लूथिएन. स्वरावर दोन टिंबं असतील तर तो सुटा म्हणायचा: फेआनोर, एआरेंदिल, मान्वे. शेवटचा 'ए' कधीच गिळायचा नाही. नियमांचं पूर्ण टिपण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पाचव्या परिशिष्टात आहे. मी प्रत्येक नाव पहिल्यांदा आलं की समासात पेन्सिलीनं देवनागरीत लिहितो. डोळा जे घसरून पुढे जातो ते हात जाऊ देत नाही.

दुसरं, फिनवेचं घर. त्याला दोन बायकांपासून तीन मुलगे: मीरिएलचा फेआनोर, इंदिसचे फिंगोल्फिन आणि फिनार्फिन. फेआनोरचे सात मुलगे शपथेचे मानकरी. फिंगोल्फिनचे फिंगोन आणि तुर्गोन, तुर्गोन म्हणजे गोंदोलिनचा राजा. फिनार्फिनची मुलं फिनरोड आणि गालाद्रिएल. पुस्तकाच्या मागे वंशावळी आहेत, पण त्या नुसत्या पाहू नका, हातानं काढा. तीन फांद्या, तीन रंग. पहिली फांदी आगीची, दुसरी शौर्याची, तिसरी शहाणपणाची, असं ढोबळमानानं म्हणता येतं, आणि ढोबळच पुरतं.

तिसरं, एकाच माणसाची अनेक नावं. कृष्णाला माधव, मुरारी, गोपाळ म्हटलेलं ऐकून आपण गोंधळत नाही, मग एकविसाव्या प्रकरणाचा नायक तूरिन याच्या सात-आठ नावांना का घाबरायचं? तो प्रत्येक वेळी जुन्या आयुष्यातून पळण्यासाठी नवं नाव घेतो आणि प्रत्येक वेळी दैव त्याला त्या नव्या नावानं हाक मारतं.

शेवटची युक्ती म्हणजे धातू. 'मोर' म्हणजे काळा: मोर्गोथ, मोर्दोर, मोरिआ. 'दोर' म्हणजे भूमी. 'गोंद' म्हणजे दगड: गोंदोर, गोंदोलिन. 'सिल' म्हणजे चकाकणं. पुस्तकाच्या शेवटी अशी मोठी यादी आहे. टोल्किन आधी भाषा रचत, आणि ती बोलायला कुणीतरी हवं म्हणून जग. त्यांच्या एल्फ भाषांपैकी क्वेन्यामागे फिनिश होती, सिंदारिनमागे वेल्श. नावांकडे आवाज म्हणून न पाहता शब्द म्हणून पाहिलं की ती आपोआप चिकटतात.

सहावी पायरी: बेलेरिआंद, आणि काय वगळायचं

दहा ते अठरा या प्रकरणांत देशांतर, लढाया आणि सरहद्दी आहेत. चौदावं प्रकरण बेलेरिआंदचा, म्हणजे हे सगळं घडतं त्या प्रदेशाचा, भूगोल आहे, नुसता भूगोल. पहिल्या वाचनात ते सरळ ओलांडा, नकाशाची झेरॉक्स काढून पुस्तकात ठेवा आणि लागेल तेव्हा पाहा. पंधरावंही भरभर चालेल. सोळावं, माएग्लिनचं, मात्र सावकाश वाचा, कारण गोंदोलिन ज्या फटीतून कोसळणार ती तिथं पडते. अठराव्यात फिंगोल्फिन संतापाच्या भरात एकटा घोड्यावरून मोर्गोथच्या दाराशी जातो आणि त्याला द्वंद्वाला बोलावतो. देवतुल्य शत्रूला सात जखमा करून तो मरतो. मोर्गोथ त्यानंतर कायमचा लंगडतो. ही तीन पानं कुठल्याही युद्धकथेशेजारी ठेवावीत अशी आहेत.

एकोणिसावं पुन्हा वाचा. आता फिनरोड का निघाला ते कळेल.

सातवी पायरी: उतार

वीस ते चोवीस. विसाव्यात पाचवी मोठी लढाई आणि तिच्यातला पराभव. एकविसावं तूरिनचं, या पुस्तकातलं सर्वांत काळं. त्याचा सांगाडा फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यातल्या कुल्लेर्वोच्या कथेशी जुळतो आणि टोल्किननी ते लपवलं नाही. ज्यांना हा संक्षेप तुटक वाटेल त्यांच्यासाठी ही कथा 'द चिल्ड्रेन ऑफ हूरिन' म्हणून २००७ मध्ये स्वतंत्र आली आहे. ती मात्र कादंबरीसारखीच वाचता येते. खरं तर ज्यांना माझा एकोणिसाव्या प्रकरणाचा रस्ता फार गोड वाटतो, त्यांनी या दारानं शिरायलाही हरकत नाही. जेवल्यावर लगेच वाचू नका एवढंच.

बावीस आणि तेवीसमध्ये दोरिआथ आणि गोंदोलिन पडतात. चोविसाव्यात एआरेंदिल समुद्र ओलांडून देवतांपुढे उभा राहतो. तीन सिल्मरिलांचा शेवट कुठं होतो ते नीट पाहा: एक आकाशात, एक पृथ्वीच्या पोटातल्या आगीत, एक समुद्रात. मूठ शेवटी उघडते, पण हात भाजल्यावर.

त्यानंतर 'आकाल्लाबेथ'. मरणाला देणगी न मानणाऱ्या माणसांचं बेट. दुसऱ्या युगाच्या ३३१९ साली त्यांचा राजा अमरत्व हिसकावायला आरमार घेऊन निघतो आणि सपाट जग वाकून गोल होतं. अंगठ्यांचा भाग मग एका संध्याकाळीच होईल.

पुढे कुठं

'अनफिनिश्ड टेल्स' हे १९८० चं. त्यानंतर 'द हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ'चे बारा खंड, १९८३ ते १९९६, ज्यांत क्रिस्टोफर यांनी वडिलांचे खर्डे टीपांसह जसेच्या तसे मांडले. नवख्यानं बारा खंड ओळीनं विकत घेऊ नयेत. एखादी कथा आवडली असेल तर तिच्यापुरतं असलेलं पुस्तक घ्या: 'बेरेन अँड लूथिएन' २०१७ चं, 'द फॉल ऑफ गोंदोलिन' २०१८ चं. त्यांत एकच कथा दर वीस वर्षांनी कशी बदलत गेली ते दिसतं. बेरेनच्या पहिल्या रूपात साउरोनच्या जागी कोण आहे माहीत आहे? तेविल्दो, मांजरांचा राजा. बेरेनला स्वयंपाकघरात राबवणारा! आणि बेरेन तिथं माणूसही नाही, एल्फ आहे.

यावरून 'अधिकृत कोणतं' हा वाद निघतो आणि नवखे त्यात भरडले जातात. ऑर्क कुठून आले? छापील पुस्तक म्हणतं, एल्फांना पकडून बिघडवून. उतारवयात टोल्किनना ते पटेनासं झालं होतं आणि त्यांनी इतर उत्तरं करून पाहिली, ती दहाव्या खंडात आहेत. सूर्य मागाहून निर्माण झाला ही कल्पनाही त्यांना अशास्त्रीय वाटू लागली होती. दोरिआथच्या नाशाचं तर वडिलांनी नीट काही लिहूनच ठेवलं नव्हतं, ते प्रकरण क्रिस्टोफर आणि के यांना जुळवावं लागलं, आणि त्याबद्दलची रुखरुख क्रिस्टोफर यांनी पुढे अकराव्या खंडात मांडली. तेव्हा कुणी तावातावानं एकच खरं सांगायला लागलं तर हसून पुढे जा. रामायणं अनेक आहेत म्हणून आपण कुठं झोप उडवून घेतो?

'अनफिनिश्ड टेल्स'मधलं पहिलंच लेखन मात्र चुकवू नका. तूओर नावाचा माणूस गोंदोलिनकडे निघाल्याची कथा, १९५१ च्या सुमारास पुन्हा लिहायला घेतलेली, टोल्किनच्या हातच्या सर्वोत्तम गद्यातली. समुद्र पहिल्यांदा पाहणारा तूओर, पाण्यातून उभा राहणारा उल्मो, बर्फातून चाललेली वाट, डोंगरात एकामागून एक दारं. लाकडाचं, दगडाचं, कांस्याचं, असं करत करत तो शेवटच्या दाराशी येतो, आणि लेखन तिथं थांबतं. आतल्या नगरीची, तिच्या पतनाची पूर्ण हकिगत टोल्किननी आयुष्यात एकदाच लिहिली, विशीतल्या पोरवयात, सोमहून परतल्यावर.